मरियमबाईंची मांजरं

रत्नागिरीहून निघताना अब्बांनी माझ्या बॅगेत अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं कोंबली नाहीत, हेच नवल. आमच्या घरी बाराखडीच्या आधी पत्रकं हातात आली: ताईत फेका, डॉक्टर गाठा, पुरावा मागा. मी जेद्दाला चालले होते उमरा (मक्केची यात्रा) करायला आणि सादिकमामूंचं सामान बांधायला. मामू आता कायमचे घरी परतणार होते.

बलद म्हणजे जुनं जेद्दा. पोवळ्याच्या दगडांची घरं, त्यांना लाकडी जाळीचे रोशन (सज्जे) आणि प्रत्येक सावलीत एक मांजर. गल्लीच्या टोकाला मामूंचं कोंबड्यांचं दुकान. मामू मात्र पोट धरून बसलेले.

"चार घास खाल्ले की पोटाचा ढोल होतो गो," ते म्हणाले. "आणि शुक्रवारी सालेमचा कब्सा (मटण घातलेला मसालेभात) आहे."

सालेम हा शेजारचा येमेनी दुकानदार. मामूंच्या निरोपाचा थाळा त्याचा. ज्याच्यासाठी थाळा मांडला तोच जेवला नाही, तर सालेमला ते आयुष्यभर लागलं असतं.

मी मामूंना ओढत डॉक्टरकडे नेलं. अपचन, गोळ्या, हलकं खाणं. मी खूश.

परत आलो तर दारात मरियमबाई. वंशाने चिनी, जन्माने जेद्दाच्या. कोंबडीच्या पोट्याच्या (जठराच्या) आतलं पिवळं सालटं त्या मामूंकडून नेहमी मागून नेत. मांजरांसाठी, असं मामू धरून चालले होते. मामूंची अवस्था ऐकून त्या घरी गेल्या आणि सोनेरी पूड भरलेला डबा घेऊन आल्या. अरबीत काहीतरी बोलल्या. मामूंनी आ वासला.

"अगो, हे तेच सालटं! मी मांजरांना म्हणून देतोय, आणि ही माणसांना चारते!"

मरियमबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. मामूंनी त्यांचं उत्तर मला सांगितलं, "म्हणते, मांजर जवळ आलं तरी मला शिंका येतात."

"पुरावा काय?" मी विचारलं.

"माझी आई द्यायची. तिची आई द्यायची," मामूंमार्फत बाईंचं उत्तर आलं.

"हा पुरावा नव्हे!"

"मग ये, बघ तरी."

त्यांच्या स्वयंपाकघरात लोखंडी कढईत वाळू तापली होती. त्यात वाळलेली सालटं पडली आणि फुटाण्यांसारखी टरारून फुगली. मग चाळणी, मग खलबत्ता.

"वाळू कुठून आणता?" मी मामूंकरवी विचारलं.

"सौदीत? वाळू?" बाई पुन्हा हसत सुटल्या.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "गुण येईल असं मी सांगणार नाही. चिमूटभराने बिघडूही नये. गोळ्या थांबवू नका." मरियमबाईंनी रोज चिमूटभर पूड दिली आणि वर पथ्य सांगितलं: शुक्रवारपर्यंत फक्त तांदळाची पातळ पेज.

"कोकणी माणसाला पेज शिकवायला चिनी बाईला यावं लागलं," मामू पुटपुटले.

शुक्रवारी सालेमने थाळ्यातला सगळ्यात मऊ तुकडा मामूंपुढे सरकवला. मामूंनी एक घास घेतला, थांबले. आम्ही सगळे त्यांच्या पोटाकडे बघत होतो. मग दुसरा घास. मग लिंबू मागितलं.

"पेज!" मी ओरडले. "पेज आणि गोळ्या!"

"पूड," मामू तोंडात घास असताना म्हणाले.

"माझा कब्सा!" सालेम म्हणाला.

निघायच्या दिवशी मामूंनी दुकान घेणाऱ्या गड्याला पोटा कापून दाखवला. "सालटं अख्खं सोलायचं. फाडायचं नाही. त्या बाईंसाठी ठेवायचं. यल्ला, लाग कामाला!"

रत्नागिरीत परवा मामूंनी कोंबडी साफ केली. सवयीने सालटं सोलून वाटीत ठेवलं. पुरावा मी अजूनही मागतेच. पण मागताना आता मला ती वाळूची कढई आठवते, आणि आवाज थोडा खाली येतो.

शेजारचं मांजर आलं. सालटं हुंगलं आणि शेपटी उंचावून निघून गेलं.

"बघ," मामू म्हणाले. "हे मी तिथेच एकदा करून बघायला हवं होतं."