घरमालकांच्या होडीची डावी बाजू

घरमालकांची होडी मी तारेच्या घासणीने घासली. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला बरीच वर्षं लागली.

स्टुटगार्टला आम्ही चढावरच्या एका घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली निवृत्त घरमालक एकटेच असत. आमच्या फोडणीचा ठसका रोज त्यांच्या खिडकीत जाई, पण दोन वर्षांत त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. याचंच मला फार ओझं होतं. मग एका उन्हाळ्यात, गल्लीत खिडक्याखिडक्यांना फुटबॉलसाठी झेंडे लागले होते तेव्हा, ते तीन आठवडे कुअरला, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या विश्रांतीला गेले. जाताना टोमॅटोंना पाणी घालायचं काम माझ्यावर सोपवलं. एवढ्याने माझं ओझं उतरणार नव्हतं.

अंगणात ट्रेलरवर त्यांची शिडाची छोटी होडी उभी असे. तिच्या डाव्या बाजूवर चेरीच्या झाडावरच्या पक्ष्यांची घाण वाळून बसली होती. मी ओट्यावरची घासणी नेली आणि कढईचं बूड घासतात तशी ती बाजू लख्ख काढली. घाण गेली. वाळल्यावर उन्हात शेकडो गोल ओरखडे चमकू लागले.

बायको गॅलरीतून बघत होती. "अहो, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एक कढई घासली नाहीत. सुरुवात एकदम होडीपासून?"

मला अन्न गोड लागेना. त्या देशात आम्हाला घरच्यासारखं वागवणारा तो एकच माणूस होता, आणि मी तो गमावणार होतो. हार्डवेअरच्या दुकानात मी हा प्रश्न एका मित्राचा म्हणून विचारला. दुकानदार म्हणाला, ओरखडे वरच्या पांढऱ्या थरातच, जेलकोटमध्येच असतील, तर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं. आधी आठशे नंबर, मग बाराशे, मग दोन हजार. घाई करायची नाही. मित्राला त्याने शुभेच्छाही दिल्या.

रोज ऑफिसातून आलो की मी बादली घेऊन बसू लागलो. आठशे नंबरने ओरखडे गेले आणि त्यांच्याबरोबर चमकही गेली. बाजू खडूसारखी दिसू लागली. बायको म्हणाली, आता निदान सगळीकडे सारखी बिघडली आहे. ताकासारखं पाणी माझ्या कोपरावरून ओघळत होतं. रविवारी तिथे आवाज करायचा नसतो; समोरच्या बाईंनी खिडकी उघडून आज रविवार असल्याचं कळवलं. मी आवाज न करता घासतोय म्हटल्यावर मिनिटभर कान देऊन त्यांनी खात्री करून घेतली. शेवटी दोन हजार नंबर आणि पॉलिश झालं, तेव्हा होडीत मला माझा चेहरा दिसला. अपराधी होता.

घरमालक परतले. डाव्या बाजूवरून त्यांनी हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. मी पाठ केलेल्या जर्मनमध्ये सगळं कबूल केलं. ते हसले. तारेच्या घासणीने कोणी होडी घासत नाही, म्हणाले, तुम्ही लोक फार विनयशील. मी पुन्हा कबूल केलं. त्यांनी मला मिठी मारली.

हे सहन होण्यासारखं नव्हतं. मी धावत वर गेलो, घासणी आणली आणि पुरावा म्हणून उजव्या बाजूवर, जिला मी तोवर बोटही लावलं नव्हतं, एक गोल फिरवला.

ते वाकले. ओरखड्यांकडे पाहिलं, मग घासणीकडे, मग माझ्याकडे. समोरची खिडकी उघडली. गॅलरीत बायकोने कपाळाला हात लावला.

"आल्झो, तर मग," ते शेवटी म्हणाले, "आता विश्वास बसला."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, घासणी माझ्या हातातून काढून घेतली आणि उरलेले पेपर मागितले. संध्याकाळपर्यंत उजवी बाजू ते स्वतः घासत होते. मला पाणी ओतायला शेजारी बसवलं होतं, आणि तेही ते सांगतील तेव्हाच.