करंगळीएवढा व्हॉल्व्ह

काचेच्या आतला चांदीसारखा ठिपका माझ्या डोळ्यांदेखत दुधासारखा पांढरा झाला. मी सोल्डरिंग आयर्न खाली ठेवला. व्हॉल्व्हच्या, म्हणजे रेडिओत असते तसल्या बंद काचनळीच्या आत हवा शिरली की तो ठिपका असा पांढरा पडतो. मग त्या व्हॉल्व्हचं काही करता येत नाही.

दुसरी मोठी लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सांगलीत एका रेडिओच्या दुकानात मेकॅनिक होतो. समोर बाकड्यावर बाबालालचाचा बसले होते. हळदीच्या पेठेत एका अडत्याचे सौदे ते तीस वर्षं करत होते. तेव्हा सौदा रुमालाखाली व्हायचा. खरेदीदारानं रुमालाखाली चाचांचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही. त्यामुळे चाचांना ऐकू येईनासं झालं, तरी पाच-सहा वर्षं पेठेत कुणाला पत्ता लागला नव्हता. आता मात्र सोमवारपासून उघड लिलाव ठरला होता. भाव ओरडून बोलायचे. बहिऱ्या माणसाला तिथं कोण उभं करणार?

फौजेतल्या भाच्यानं त्यांना विलायतेहून कानाचं यंत्र आणून दिलं होतं. खिशात मावेल अशी डबी आणि तिच्यातून कानापर्यंत जाणारी वायर. आत तीन व्हॉल्व्ह, करंगळीच्या पेराएवढे. रेडिओचा व्हॉल्व्ह सॉकेटमधून उपसून बदलता येतो. यांना सॉकेटच नव्हतं. काचेतून केसासारख्या तारा बाहेर आलेल्या आणि त्या थेट सोल्डर करून, म्हणजे डाख लावून जोडलेल्या. तीनपैकी एक प्रवासात गेला होता. भाच्यानं दोन जादा दिले होते. त्यातला एक मी आत्ताच मारला होता.

"काय झालं रं?" मालकांनी गल्ल्यावरून विचारलं.

मी सांगितलं. मालक तिथूनच म्हणाले, "मग सांग की, विलायतेतनंच खराब आला हुता म्हणून. त्यास्नी काय कळतंय?"

मी चाचांकडे तोंड करून सावकाश म्हणालो, "खराब आला होता, चाचा."

चाचांनी माझे ओठ वाचले. मग सवयीनं माझा हात आपल्या हातात घेतला. माझ्या तळव्याला घाम फुटला होता.

"व्हय?" त्यांनी विचारलं.

तीस वर्षं माणसांचे हात धरणाऱ्यासमोर माझं काय चालणार! मी मान हलवली. "न्हाई चाचा. माझ्याकडनं गेला."

"आता एकच ऱ्हायला."

"व्हय."

"मग घाई नगं करू गड्या. आज शुक्कुरवार हाय."

मला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त कुतूहल होतं. व्हॉल्व्ह गेला कसा? माझ्या डाखाला दुकानात कुणी नाव ठेवत नसे. आयर्न नीट टेकवून मनात दहा आकडे मोजायचे, डाख पाण्यासारखा पसरला की उचलायचा. रेडिओत हे चालत होतं, मग इथं का नाही?

मेलेला व्हॉल्व्ह घेतला. काचेलगत तारेवर मेणबत्तीच्या मेणाचा कण चिकटवला आणि दुसऱ्या टोकाला आयर्न टेकवून मोजू लागलो. तीन म्हणेपर्यंत मेण वितळलं. म्हणजे आयर्नची उष्णता त्या आखूड तारेतून सरळ काचेपाशी जात होती, आणि तिथला सांधा तडकत होता. मी वर आणखी सात आकडे थांबलो होतो.

आयर्न लवकर उचलून पाहिला. मेण टिकलं, पण डाख कच्चा राहिला, ओढल्याबरोबर तार सुटली. त्यात तो चिमुकला व्हॉल्व्ह टेबलावर सारखा लोळत होता. चाचा इतका वेळ बघत होते. ते पुढं झाले आणि काच व आयर्न यांच्यामधली तार त्यांनी दोन बोटांत धरली. "मी धरतो. कर तू."

मी आयर्न टेकवला. पाच म्हणायच्या आत चाचा ओरडले, "आयाया!" आणि बोटं तोंडात घातली.

त्यांच्या बोटांकडे बघायचं सोडून मी मेणाकडे बघत बसलो. मेण जसंच्या तसं होतं. उष्णता काचेपर्यंत गेलीच नव्हती, वाटेत चाचांच्या बोटांत उतरली होती.

"परत धरू का?" चाचा म्हणाले. "सोमवारपास्नं ही बोटं कशाला लागणार हाईत?"

"नको चाचा, लोखंडाला धरू दे."

पक्कड जड पडली, तार वाकायला लागली. मग मीटरच्या वायरची छोटी क्रोकोडाइल क्लिप काढली. तिचे दात बारीक तारेला चावले असते, म्हणून जबड्यात तांब्याच्या दोन सपाट पट्ट्या बसवल्या. तारेला चिमटा लावला, नवं मेण लावलं आणि दहा मोजले. मेण हललं नाही. खात्री होईना, आणखी चार वेळा करून पाहिलं.

"दोन तास मेणाशी खेळतोयस!" मालक म्हणाले.

मग शेवटचा व्हॉल्व्ह घेतला. पाच तारा होत्या. चाचांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं, "बघवंना मला." प्रत्येक तारेनंतर मी ठिपका पाहत होतो. पाचवी झाली तरी तो चांदीसारखाच होता.

बॅटरी जोडली. चाचांनी यंत्र कानात घातलं, डबीवरची चकती हळूहळू फिरवली. तेवढ्यात मागून मालक खेकसले, "आटपलं का न्हाई अजून?"

चाचा गर्रकन वळले. "आटपलं की. आवं, वरडता कशाला?"

आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

सोमवारी चहाचं निमित्त काढून मी पेठेत गेलो. फेट्याचं टोक कानातल्या वायरवर ओढून चाचा पोत्यांपाशी उभे होते. गर्दीतून त्यांच्या पाठीमागून कुणीतरी भाव बोललं. चाचा बरोबर त्याच माणसाकडे वळले आणि तो भाव त्यांनी खणखणीत आवाजात पुकारला.

पुढं असे चिमटे तयार मिळू लागले. हीट सिंक म्हणतात त्यांना. मी आयुष्यभर वापरले. पण अजून वाटतं, त्या दिवशी 'खराब आला होता' यावरच निभावलं असतं, तर मेलेला व्हॉल्व्ह मी तेव्हाच केरात टाकला असता आणि दुसरा आयर्नखाली धरून निवांत दहा मोजले असते.