त्रिवेणीबाईंचं हसू

काचीगुड्यात स्टेशनच्या अलीकडे एक जुना दवाखाना आहे. डॉक्टरांपर्यंत पोचायचं तर आधी बाहेर नावं नोंदवणाऱ्या त्रिवेणीबाईंच्या तावडीतून सुटावं लागतं. कुठं दुखतं, कधीपासून, जिने चढावे लागतात का, घरात कुणाशी भांडलात का, हे सगळं विचारून झाल्याशिवाय त्या कुणाला आत सोडत नाहीत. निम्मं निदान बाहेरच होतं, हे डॉक्टरही मान्य करतात. पेशंट मात्र वैतागतात.

परवा पाय दुखतो म्हणून प्रतापराव आले. दोन प्रश्नांतच त्यांचा पारा चढला.

"बाई, कायकू इतक्या चांभारचौकशा? गोळी द्या ना, बस."

त्रिवेणीबाई हसल्या. या शब्दाला त्या आजवर अशाच हसत आल्या होत्या. शाळेला सुट्टी म्हणून सोबत आलेली नात तन्वी बाकावर बसून ऐकत होती.

खरं तर विचारण्याची ही खोड वडिलांची. ते गौलीगुड्यात बसस्टँडजवळ चपला शिवायचे. जातीनं चांभार. गिऱ्हाईक समोर बसलं की अंगठ्याला कुठं चावतं, टाच कुठल्या अंगानं झिजते, काम उभ्यानं की बसून, हे विचारून मगच चामड्याला हात लावायचे. त्यांचा एकही प्रश्न वाया जायचा नाही. आणि आपण मराठी माणसांनी रिकामटेकड्या उठाठेवीला नाव दिलं ते त्यांच्या जातीचं. संताप येतो.

त्रिवेणीबाईंना संतापायची सोय नव्हती. लग्न वरच्या जातीत झालेलं. माहेरी चपलांचं दुकान होतं, एवढंच सांगायचं, असं नवऱ्यानं बजावलं होतं. नवरा गेला तरी त्यांनी ते पाळलं. कुणाला शंका यायला नको म्हणून त्या स्वतःही घरात तो शब्द सर्रास वापरायच्या.

त्याच संध्याकाळी मुलगा ओमकार ऑफिसातून उशिरा आला. तो जेवायला बसताच, उशीर का झाला, दुपारी काय खाल्लंस, असं त्रिवेणीबाईंनी सुरू केलं.

"आजी, चांभारचौकशा नक्को ना," तन्वी म्हणाली. ओमकारला हसू आलं.

त्रिवेणीबाईंना आलं नाही. पोरीच्या तोंडात तो शब्द त्यांनीच घातला होता. आपल्याच पणजोबांना हिणवतोय, हे न कळता ती तो जन्मभर वापरणार होती.

"तन्वी, माझे वडील चांभार होते," त्या म्हणाल्या. "तुझे पणजोबा. त्यांच्या जातीला नावं ठेवायला तो शब्द निघालाय."

ओमकारचा घास हातातच राहिला. "आई, हे तू कधी बोलली नाहीस."

तन्वी आजीकडे टक लावून बघत होती.

"मग सकाळी ते काका तसं बोलले, तर तू हसलीस कायकू?"

"भीती वाटते म्हणून."

"कुणाची? त्या काकांची?"

"नाही गं," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "तुमची."