बाईंनी मागे घेतलेला शोध

डॉ. विमलबाईंची आणि माझी पहिली भेट काष्टीच्या बाजारात, मटणाच्या दुकानासमोर झाली. केडगावच्या महाविद्यालयातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत मी त्याच दिवशी मदतनीस म्हणून लागलो होतो आणि पहिलंच काम निघालं बोकडाची आतडी आणण्याचं.

"बाई, लई उकळू नका, चव जाती," दुकानदार म्हणाला.

"उकळणार नाही, चांदी लावणार आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. तो माझ्याकडे बघत राहिला. चांदी कशाला ते मलाही ठाऊक नव्हतं, कपाळ! मी पिशवी पुढे केली.

आतड्याच्या भिंतीतही चेतापेशी असतात. चांदीच्या क्षाराचं द्रावण दिलं की त्या काळ्याभोर उठून दिसतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यातही हे रंजन, म्हणजे पेशींना रंग चढवणं, स्वच्छ यावं, अशी रीत बाईंनी बसवली. माझं शिक्षण बारावीपर्यंतचं. बाईंनी डबा खाता खाता मला पेशी शिकवली. चुकलो की "अहो महाशय" म्हणत.

एकदा सूक्ष्मदर्शकाच्या काचांवर त्या पेशींभोवती बाईंना बारीक काळे दाणे दिसले. असे दाणे आधी कुणी नोंदवले नव्हते. त्यावरचा शोधनिबंध छापायला स्वीकारला गेला, महाविद्यालयात सत्कार ठरला. खरं मला एकट्याला ठाऊक होतं. शुद्ध पाणी संपलं म्हणून त्या काचा मी बोअरच्या पाण्याने धुतल्या होत्या, आणि तसेच दाणे नंतर मला त्याच पाण्याने धुतलेल्या, पेशी नसलेल्या एका कोऱ्या काचेवर दिसले होते. माझी नोकरी हंगामी. बोललो तर ती जाईल, म्हणून दोन दिवस टाळलं. शेवटी बोललो, "बाई, दाणे पेशीतले न्हाईत. पान्यामुळं हायेत."

बाईंनी पेल्यात बोअरचं पाणी घेऊन त्यात द्रावण सोडलं. पाण्यातल्या क्षारांमुळे ते दुधासारखं झालं; हाच साका उजेडात काळा पडतो. पेला त्यांनी टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "बरं झालं बोललात. कागद आणा." निबंध त्याच दुपारी मागे घेतला. चूक कुणाची, असं प्राचार्यांनी विचारलं. "माझी. पाणी तपासणं माझं काम होतं," एवढंच बाई म्हणाल्या.

पुन्हा नीट काचा केल्या, तेव्हा आधी दाण्यांखाली झाकली गेलेली चेतातंतूंची नाजूक जाळी दिसली. बाईंचा आज नावाजलेला शोध तो हाच. नव्या निबंधावर त्यांच्या नावाखाली माझं नाव छापलं होतं. मी रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तरी "दाणेवाल्या बाई" ही कुजबुज वर्षानुवर्षं चालली. बाईंनी ती ऐकून घेतली, माझं नाव कधीच सांगितलं नाही. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात, आपणा सर्वांसमोर, मी ते सांगतो: त्या काचा मी, दिनकरने, धुतल्या होत्या. हे छापलेलं वाचून बाई रागावतील. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि त्यांचं रागावणं मला पुष्कळ वर्षं ऐकायला मिळो.