चिंधी बांधलेली चार झाडं

इंग्लंडात वॉटफर्डला आल्यावर दीड वर्ष मी नवऱ्याचे डबे भरण्यात घालवलं. मग एक दिवस लायब्ररीतल्या बोर्डावर वाचलं की एका चॅरिटीला शेती शिकवणारं माणूस हवंय. कॅरिबियन आणि आफ्रिकन घरांतल्या ज्या कृष्णवर्णीय लोकांना शेती करायची होती, पण जमीन कुणी देत नव्हतं, त्यांना वर्षभर त्यांच्याच मुलखातल्या पिकांवर शिकवायचं आणि मग भाड्याने तुकडा मिळवून द्यायचा, असं काम होतं. इंटरव्ह्यूला एका पालेभाजीचा फोटो दाखवून विचारलं, "कॅललू ओळखता का?" मी म्हटलं, "हा तर आमचा माठ!" शेतकीची पदवी होतीच. नोकरी मिळाली.

तेव्हापासून माझं तेच टुमणं. भेंडी आमची, अळू आमचं, लाल अंबाडीसुद्धा आमचीच. शिकणारे हसायचे. त्यांच्यात जमैकाची एक निवृत्त नर्स होती, पंचावन्नच्या पुढची. वॉर्डात जन्म काढल्यामुळे सगळे तिला सिस्टरच म्हणायचे, मीही. ती मला टीचर म्हणायची. एकदा म्हणाली, "टीचर, सगळं तुमचंच, तर मग आम्ही काय आणलं?" मी हसण्यावारी नेलं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये तिने मला कागदाची एक पुडी दाखवली होती. तिच्या आईने जमैकाहून कुणाबरोबर तरी धाडलेलं कॅललूचं बी होतं ते. बी जुनं होतं, पुढे त्यातली जेमतेम चार रोपं आली. तिने एकही पान खुडलं नाही. "पहिलं वर्ष बियाण्याचं," ती म्हणाली, "खायचं पुढच्या वर्षी." हे सगळं मी ऐकलं होतं. पण बारा शिकणारे, बारांच्या बारा तऱ्हा, एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. माझ्या लेखी माठ तो माठ.

सप्टेंबरात तिची आई गेली. सिस्टर तीन आठवड्यांसाठी जमैकाला निघाली आणि जाताना मला एवढंच म्हणाली, "टनेलला पाणी दे हं." टनेल म्हणजे प्लास्टिकच्या कागदाचा तो लांबलचक बोगदा, ज्यात आम्ही उबेची पिकं घ्यायचो. चार झाडांबद्दल वेगळं काही सांगायची तिला गरज वाटली नसणार. मी टीचर होते ना.

पुढच्याच आठवड्यात देणगीदार शेत बघायला येणार होते. मला आवरासावर करण्याची भारी हौस. टनेलच्या कोपऱ्यात कमरेच्या वर गेलेली, तुरे आलेली माठाची चार झाडं दिसली. आमच्याकडे जून माठ म्हणजे उपटून फेकायचा, त्यात विचार कसला करायचा? प्रत्येक झाडाला लाल चिंधी बांधलेली होती. मी कात्रीने चिंध्या कापून खिशात टाकल्या, झाडं उपटली आणि थेट पालापाचोळ्याचा भुगा करणाऱ्या श्रेडरमध्ये घातली. टनेल कसा लख्ख दिसायला लागला! मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिचा फोन आला. आवाज बसलेला होता. अंत्यविधीचा मंडप घालायला भावांनी आईचं परसू खणून सपाट केलं होतं, कॅललूचं एक रोप शिल्लक नव्हतं. "बरं झालं, माझी चार आहेत तिथे," ती म्हणाली. "बरी आहेत ना, टीचर?"

माझा हात कालच्याच कोटाच्या खिशात गेला. चिंध्या हाताला लागल्या आणि मला आमच्या मळ्यातला मांडव आठवला. वडील बियाण्यासाठी ठेवलेल्या दोडक्याला अशीच चिंधी बांधायचे. तो दोडका तोडला म्हणून मी लहानपणी त्यांची चापट खाल्ली होती. म्हणजे मला माहीत होतं. जमैकातल्या बाईलाही तेच करावंसं वाटेल, हे मात्र डोक्यातच आलं नाही.

"हो, छान आहेत," मी म्हटलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो कॉम्प्युटरवाला, म्हणाला, "अगं, बॅकअप घेतला होता का?" मग माझा चेहरा बघून गंभीर झाला. "ती आल्यावर सांगून टाक. रागावेल, रडेल, पण सांग." मी त्याच्यावरच खेकसले. मला तिच्या रडण्याची भीती नव्हती. मला टीचरपण जायची भीती होती, हे आज लिहायलाही लाज वाटते.

वडिलांनी पुण्याहून पाठवलेल्या हिरव्या माठाच्या बियांची पाकिटं कपाटात होती. काळं, बारीक, चकचकीत बी. जॅमच्या धुतलेल्या बरणीत मी ते ओतलं आणि ती परतली तेव्हा तिच्या हातात ठेवलं. "तुरे पिकले होते, म्हणून मीच झोडून ठेवलं." तिने मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिच्या पाठीवरून फिरणारा माझा हात मलाच परका वाटत होता. तेव्हा तरी सांगायचं होतं.

पुढच्या वर्षी तिला चॅरिटीच्या मदतीने स्वतःचा तुकडा मिळाला. नव्या तुकडीतल्या सहा जणांना तिने त्या बरणीतलं चिमूटचिमूट बी वाटलं. "माझ्या आईचं आहे, जपा," प्रत्येकाला सांगत होती. मी शेजारी उभी राहून पेरणीची खोली समजावत होते.

जूनमध्ये पहिली खुडणी झाली. तिने शेतावरच खारवलेला मासा घालून मोठं पातेलंभर कॅललू शिजवलं आणि सगळ्यांना बसवलं. पहिला घास तिने घेतला, चावला, पुन्हा चावला आणि चमचा खाली ठेवला.

"टीचर, हे आईच्यासारखं लागत नाही." तिचे डोळे भरून आले होते. "वर्षसुद्धा झालं नाही तिला जाऊन. मी तिच्या हातची चव विसरले."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सांगायची ती शेवटची वेळ होती, आणि मला ते तिथल्या तिथे कळत होतं.

"माती वेगळी ना, सिस्टर," मी म्हटलं. "ऊनही इथलं कमी. चव बदलतेच. शास्त्र आहे ते."

"म्हणजे मी विसरले नाही?"

"नाही हो."

तिने नाक पुसलं, मान डोलावली, आणि कृतज्ञतेने माझ्या ताटात आणखी एक डाव वाढला. मी तो सगळा खाल्ला. चव अगदी आमच्या घरच्या माठाची होती.