ज्याचं खळं, त्याची गोळी

आमच्या गावात कुणी कामाला निघताना शिंकलं, तर माणसं क्षणभर खाली टेकतात आणि मगच निघतात. मळणीमामांची शिंक मात्र आम्ही शुभ मानत होतो. सोयाबीनच्या हंगामात सकाळी सकाळी वेशीकडून ती शिंक ऐकू आली की माय म्हणायची, "मशीन आलं." ट्रॅक्टरचा आवाज त्यानंतर यायचा.

मामा आमच्याच चाकूर तालुक्यातल्या एका वाडीचे. नात्यातले नव्हते, पण बायका त्यांना भाऊ म्हणत, म्हणून आम्हा लेकरांचे ते मामा. ट्रॅक्टरमागे मळणीयंत्र जोडून ते गावोगाव फिरत. यंत्राच्या तोंडाशी सोयाबीनचं वाळलेलं काड लोटायला दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नसत. "या धंद्यातल्या म्हाताऱ्यांची बोटं मोजून बघा," असं म्हणून आपले दोन्ही पंजे पसरून दाखवत. दहाही बोटं शाबूत. त्याचा त्यांना केवढा अभिमान!

यंत्राचे सुटे भाग आणायला लातूरला आले की मायनं दिलेला डबा ते माझ्या वसतिगृहावर पोचवत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. फाटकावरच्या वॉचमनला ते रुबाबात सांगत, "आमच्या बाईला बोलवा. बी.एस्सी. करायली." डबा वाटेत कधी सांडला नाही आणि निरोप कधी विसरला नाही.

त्यांची खोड एकच होती. कुणी मायेनं दिलेलं ते नाकारत नसत. भुसकट उडायला लागलं की त्यांच्या शिंका सुरू व्हायच्या, डोळे लाल, नाक बंद. ज्या घरचं खळं असेल त्या घरच्या बाईला दया यायची आणि ती खुंटीवरच्या पिशवीतून सर्दीची एखादी गोळी काढून आणायची. बहुतेक वेळा पट्टी अशी कापलेली असायची की तिच्यावर नावही नसायचं. "ज्याचं खळं, त्याची गोळी," म्हणत मामा ती चहाबरोबर गिळत. बीपीची गोळी मात्र डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी न चुकता घेत. बीपी हे दुखणं. शिंकेला ते दुखणंच मानत नव्हते, मग डॉक्टरला सांगणार कशाला?

एका दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होते. आमच्याच खळ्यावर मळणी चालली होती. मायनं चहासोबत गोळी दिली. थोड्या वेळानं शिंका थांबल्या आणि सगळ्यांना बरं वाटलं. मग मामांचे हात जड झाल्यासारखे दिसू लागले. पापण्या मिटत होत्या. कवेतला काडाचा कवळा यंत्रात गेला, पण त्यामागचा हात परत येईना. वडलांनी मागून सदरा धरून त्यांना ओढलं. बाही यंत्रात गेली. हात वाचला. भुसकटाबरोबर त्या बाहीच्या चिंध्या पलीकडं पडल्या.

मामा खाली बसून तळवे बघत राहिले. माय रडायलाच लागली, "भाऊ, म्याच दिली की ओ गोळी."

"तुमी मायेनं दिली, ताई," मामा म्हणाले. "झोप माझी मला आली."

त्यातून त्यांनी धडा घेतला तो असा, की झोप आणणारी गोळी नको. पुढच्या गावात त्यांनी नाक मोकळं करणारी, झोप न आणणारी गोळी मागून घेतली. दुपारी डोकं ठणकायला आणि छाती धडधडायला लागली. तिथून फोन आला तसं वडील आणि मी जाऊन त्यांना चाकूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बीपी फार चढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी काय काय घेतलं म्हणून विचारलं.

"आज पाटलांची घेतली. काल कांबळ्यांची. त्याच्या आधी ह्या बाईच्या मायची."

"गोळीचं नाव सांगा हो, घराचं नको."

"घरं ठाऊक हायत. गोळ्या न्हाईत."

बीपी उतरेपर्यंत त्यांनी मामांना ठेवून घेतलं. मग शांतपणे समजावलं. सर्दीच्या काही गोळ्या झोप आणतात, त्या घेऊन यंत्रापाशी उभं राहायचं नाही. नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या बीपी चढवतात, त्या तुम्हाला चालायच्या नाहीत. मामांनी एकच विचारलं, "यंदाचा हंगाम गेला का मग?"

"नाही जायचा. पण शिंकांसाठी कुणाकडंही गेलात तरी आधी बीपीचं सांगायचं. आणि बीपीसाठी आलात तर शिंकांचं." बीपीच्या औषधाशी जुळणारी, फारशी झोप न आणणारी गोळी आणि नाकात मारायचा फवारा त्यांनी लिहून दिला. पहिली गोळी यंत्र बंद असेल त्या दिवशी घेऊन बघा म्हणाल्या. तोंडा-नाकाला मास्क, आणि संध्याकाळी उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुणं.

औषध जमलं, पण दिलेली गोळी नाकारायची कशी, हा प्रश्न होताच. त्यावर मामांनी स्वतःच वाट काढली. कुठल्याही घरची बाई गोळी घेऊन आली की ते हात जोडून म्हणत, "गोळी राहू द्या, ताई. सांजच्याला उकळलेलं पाणी अन् चिमूटभर मीठ द्या." बायका थट्टा करत, डॉक्टरनं तर तुमचं मीठ बंद केलंय ना? "खायचं बंद केलंय. नाकाला न्हाई." त्या हसत आणि पाणी चुलीवर ठेवत. मान राहिला आणि गोळी पिशवीत परत गेली.

नांदेडला नोकरी लागली तेव्हा निघण्याआधी मी त्यांना भेटायला खळ्यावर गेले. कुणासाठी न थांबणारं यंत्र त्यांनी बंद केलं, मास्क खाली ओढला आणि दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले.

गेल्या वर्षापासून मला दम्याचं औषध चालू आहे. इथं शेजारच्या काकू फार मायाळू. माझ्या शिंका ऐकून परवा त्या चहासोबत गोळी घेऊन आल्या. मी म्हटलं, "काकू, आधी डॉक्टरांना विचारते. तोवर थोडं पाणी उकळून द्या ना, मिठासकट." काकूंना काहीच वाईट वाटलं नाही.

हंगाम संपला की मामांचा फोन येतो. उचलला की आधी एखादी शिंक ऐकू येते, मग आवाज.

"झाली मळणी, बाई. दहाच्या दहा हायत."