तेरा भागांचे भाऊजी

आमच्या शेजारच्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात एक वस्तू टाकली नाही आणि एक मालिका संपू दिली नाही. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये त्यांची आणि आमची भिंत एकच. ते आमच्या ह्यांच्यासोबत कारखान्यात, म्हणून भाऊजी; रक्ताचं नातं म्हणाल तर काहीच नाही. कारखान्याची बस सुटली तरी चालेल, पण टीव्हीवरची मालिका सुटता कामा नये, असा त्यांचा बाणा. क्वार्टरांच्या आमच्या लाईनीत पहिला व्हीसीआर त्यांनीच आणला, तोही सिनेमे बघायला नाही, मालिका उतरवून ठेवायला. जाहिरात लागली की बटण दाबून यंत्र थांबवायचं आणि जाहिरात संपली की सोडायचं, यासाठी ते बटणावर बोट ठेवून, मांडी घालून, देवासमोर बसावं तसे बसत. पण रात्रपाळीचा माणूस तो. जाहिरातीतच डोळा लागायचा. त्यामुळे त्यांच्या कॅसेटमध्ये दर जाहिरातीनंतरची दोन-चार वाक्यं नाहीतच. एका नावाड्याच्या घराची मालिका लागायची, ती त्यांची सगळ्यात लाडकी. तिच्यात नावाडी पुरात पडतो आणि पुढच्याच क्षणाला पंगतीत वरण-भात कालवत असतो. मी म्हटलं, भाऊजी, हा पाण्यातून निघाला कसा? तर म्हणतात, "निंगाला ना? मंग. तुमाले त्याचं जेवन पाहावत नाही का, वहिनी?"

पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं. झालं. पवनीकडच्या शेतातून त्यांचे वर्षाचे तांदूळ यायचे, ते पिंपात कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेले असत. भाऊजींनी त्याच पिंपात कॅसेटा पुरल्या. तांदूळ ओल ओढतो, कडुनिंब कीड मारतो. शास्त्र एकदम पक्कं. त्यांची बायको, माझी मैत्रीण, माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावायची. म्हणायची, "भात मांडाले पिंपात डबा घालतो, तं आदी कॅसेट निंगते, मंग तांदूळ." भाऊजींना मात्र या व्यवस्थेचा इतका अभिमान, की पाहुण्याला आधी पिंप दाखवत, मग पाणी देत.

मालिका पूर्ण उतरली की तिचं ते रीतसर प्रकाशन करायचे. पौर्णिमा बघून बुद्धाच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, लाईनीतल्या सगळ्यांना खीर द्यायची, आणि मग कॅसेट हातात उंच धरून चार शब्द बोलायचे. पहिल्यांदा मी बापडी हौसेने नारळ घेऊन गेले. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "फोडाचा नाही हा वहिनी. याची चटनी करू, उद्या तुमीच या खाले."

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या आगेमागे डिस्कचे दिवस आले. त्यानंतर दहाएक वर्षांनीही नागपुरात एक दुकानदार जुन्या मालिकांच्या डिस्क काढून विकायचा. भाऊजींनी त्याला नावाड्याच्या मालिकेचं सांगितलं. तो म्हणाला, ही तर आता कुठेच मिळत नाही, तेराही भाग आणा, मी काढतो. झालं, भाऊजींना दुसरं काही सुचेना. आपल्या पिंपात आहे तेवढीच ती मालिका जगात उरली आहे, ती सगळी बाहेर आली पाहिजे, लोकांनी ती पाहिली पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं. बारा कॅसेटा चालल्या. शेवटची फिरेचना. उघडून पाहिली तर आत तांदळाचा कोंडा. गिरणीतून आलेल्या तांदळाला कोंडा असतो, हे जन्मभर भात खाणारा माणूस विसरला होता! मग त्यांनी स्क्रू काढून ती फीत बोटाने हळूहळू फिरवत, कापूस आणि स्पिरिट घेऊन पुसायला घेतली. दोन पावसाळे पुसली. आम्ही संध्याकाळी गप्पा मारायला गेलो तरी मान वर नाही. बायकोने एकदा म्हटलंही, मले कधी इतकं निरखून नाही पाह्यलं. त्यावर ते म्हणाले, तुह्यात कोंडा नाही गेला ना.

आणि फीत चालली. चित्र पाण्याखालून बघावं तसं हलत होतं, पण चालली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते पहिल्या गाडीने नागपूरला गेले. दुपारीच परत आले. माझ्या पायरीवर बसले, पाणी मागितलं. दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. दुकानदार भला, त्याने चहा पाजला आणि विचारलं, काका, डिस्क लावायला घरी मशीन आता कोणाकडे आहे?

"मी फीत पुसत राह्यलो वहिनी," भाऊजी म्हणाले, "अन् लोकायनं तिकडे मशीनच भंगारात देल्ली."

पाणी न पिताच उठले.

रिटायर होऊन क्वार्टर सोडायच्या आधी त्यांनी शेवटचं प्रकाशन केलं. ओळखीच्या फोटोवाल्याकडून एका भागाची एक अशा डिस्क करून आणल्या होत्या, कव्हरावर हाताने नाव काढलेलं. खीर झाली, आणि त्यांनी लाईनीतल्या घराघरांत एकेक डिस्क दिली. आमच्या पवनीकडे धानाचं बी एका घरी ठेवत नसत, भाऊजी म्हणाले. थोडं थोडं चार घरी ठेवावं, एकाचं सडलं तर दुसऱ्याकडे मिळते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाच राहवलं नाही.

"भाऊजी, बी सगळ्यायच्या घरी एकच असते. तुमी तं हरेकाले येगळा भाग देल्ला. एकाची हरवली का तो भाग गेला."

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. खिरीची वाटी खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "मंग हरवू नका ना, वहिनी."

भाऊजी पवनीला गेले, आणि तिथेच वारले. लाईन पांगली. कुणी गोंदियाला, कुणी पोरांकडे पुण्याला. माझ्याकडे सहावा भाग आहे. तो लावायला मशीन नाही, पण आहे. अजूनही कुणाच्या लग्नात आम्ही जुने शेजारी भेटलो, की तब्येत विचारायच्या आधी एकमेकांना विचारतो, आहे ना? आणि समोरून आहे म्हटलं की जीव भांड्यात पडतो. मागच्या लग्नात सिहोऱ्याला राहणारी आमची एक शेजारीण भेटली. तिलाही विचारलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी पुन्हा विचारलं नाही. चल, जेवून घेऊ, म्हटलं.